चौदा आण्याला आग

सिद्धलिंग कोडोलीच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं गुळव्या होता. काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते तोच सांगायचा. बायको गंगव्वा काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालून आग सांभाळायची. ती वारल्यापासून त्याची रसाची तीन आदणं करपली. मालक बाळासो म्हणाला, "अण्णा, रविवारचं आदण बिघडलं तर दुसरा गुळव्या बघतो. राग मानू नगा."

त्याची लेक दानेश्वरी कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती बापाचीच गुळाची विद्या यंत्रात उतरवत होती.

"अप्पा, ह्यात निस्ते नियम सांगायचे. उत्तर काढायचं काम त्याचं."

"गोळी पाण्यात टाकली की घट्ट पायजे. फेस पिवळा पायजे."

"घट्ट हाय का न्हाय, एवढंच कळतंय त्याला."

"व्हय-न्हायवर गूळ हुतोय व्हय गं? गोळी चौदा आणे घट्ट, फेस बारा आणे पिवळा, असं असतंय."

ती हसली. "मग आणेच घालते. दोन्हीतलं कमी ते धरायचं."

"धर की. सोळा आणे झालं की मी 'उतरवा' म्हणतो, मग आग थांबती. तरी काहिलीच्या तापानं पाक दोन आणे फुडं जातोय."

रविवारी ती कागद घेऊन आली. "तुमच्या नियमानं दर आदण करपतंय."

"येडं हाय तुझं यंत्र! तीस वर्षं..."

तो मध्येच थांबला. तीस वर्षं तो 'उतरवा' म्हणेपर्यंत चुलवाणात नुसते निखारेच असायचे. "आग का मारलीस?" म्हणून तो गंगव्वावर ओरडायचा. ती पदरानं तोंड पुसायची.

"तुझी अव्वा आग कवा थांबवायची, मी कवा बघितलंच न्हाय."

"मी यंत्राला उलटं इचारलं. करपू नये तर आग कवा थांबवायची? चौदा आण्याला."

दुपारी काहील चढली. त्यानं पाण्यात पाक टाकला, बोटांत गोळी फिरवली, फेस पाहिला.

गंगव्वाच्या जागी चुलवाणाशी बसलेल्या गड्याला त्यानं हाक दिली, "आकाराम, आग थांबव!"

"अजून उतरवा म्हणाला न्हाईसा की!"

"थांबव म्हणतोय न्हवं!"

सोळा आण्याला काहील उतरली. गूळ निवला, पिवळाधमक. बाळासोनं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "अण्णा, उद्या सकाळी येरवाळी या."

सिद्धलिंग लेकीजवळ जाऊन बसला.

"नियमाला नाव देता येतंय का गं?"

"येतंय की."

"त्या चौदा आण्याच्या नियमाला अव्वाचं दे."