केशवरावांची पोटदुखी

"काय सांगू, पोटदुखी आहे त्याची जुनी!" यमुताईचे सासरे वामनराव ओसरीवरून सांगत होते. केशवरावांची चौकशी करायला कचेरीतून आलेला शिपाई मान हलवून निघून गेला, आणि आत यमुताईने कपाळावर हात मारून घेतला.

पुन्हा पोटदुखी! महाल भागातल्या त्या घरात दारू हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नसे. तिचे पती केशवराव भिंत धरत घरी आले की पोट दुखतंय. सकाळी उठले नाहीत की पोट दुखतंय. सणाच्या पंगतीतून उठून गेले तरी पोटच! सारी आळी त्या पोटाची चौकशी करी, आणि यमुताई हसून "आज उतार आहे" म्हणे. सांगून सांगून तिची जीभ विटली होती.

पण आजची सकाळ निराळी होती. काल संध्याकाळी तोल जाऊन केशवराव कडेवरच्या तान्ह्या लेकीसकट, चारूसकट, उंबऱ्यावर पडले होते. लेकराच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ! आज बाप जवळ आला तशी तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. केशवरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गावात काही लोक संध्याकाळी बसतात म्हणे. दारू सोडलेले. एकमेकाले सांभाळून राहतात. मले तिथं पोचव. आज म्हणशील तर येतो, उद्याचा माझा मले भरवसा नाही."

कुठे बसतात? ते त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांच्या संगतीत ते पीत, त्यांना तरी कुठून असणार!

चारूला कडेवर घेऊन यमुताई निघाली. आळीतल्या सत्यवतीकाकूंना गावातली बित्तंबातमी असे. पण सवयीची जीभ! "काकू, यांच्या पोटदुखीवर... काही माणसं जमतात म्हणे कुठे?"

"जमतात ना वं! इतवारीत महादेवराव वैद्याकडे पाहा, कशी रांग लागते ते!"

तिथेही तिने पोटदुखीच सांगितली, आणि वैद्यांनी द्राक्षासवाची बाटली पुढे केली. "जेवणानंतर द्या. पोट हलकं होईल, चित्त प्रसन्न होईल." यमुताईने बूच काढलं मात्र, तिच्या अंगाची लाही लाही झाली. रोज संध्याकाळी जो वास दारातून आत येतो, त्याचाच हा सख्खा भाऊ! पण वैद्यांचा काय दोष? त्यांनी पोटालाच औषध दिलं होतं. ती बाटली तिथेच ठेवून परतली.

ऊन कललं. केशवराव ओसरीपासून परसापर्यंत येरझारा घालत होते. "सापडलं?" त्यांनी विचारलं, आणि यमुताईने नकारार्थी मान हलवली. आता त्यांची नजर राहून राहून खुंटीवरच्या टोपीकडे जाऊ लागली. टोपी चढली की पाय कुठे वळणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

परसातल्या भिंतीपलीकडे इंदुताई वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होत्या. दिवाळीनंतर शेजारी राहायला आलेल्या गणपतराव मास्तरांची ही बायको. त्यांनी मान वर केली. "काय वं यमू, कशी आहे पोटदुखी?"

झालं! दिवसभराचा संताप उसळून वर आला.

"पोट नाही दुखत त्यांचं! दारू पितात ते, इंदुताई! दारू! अन् ती सोडलेली माणसं कुठे बसतात, ते दिवसभर शोधतेय मी!"

ओसरीवर वामनरावांचा अडकित्ता थांबला. इंदुताईंनी तांब्या खाली ठेवला.

"मग हे आधी काहून नाही सांगितलं, बाई? ते लोक शोधून राहिली का तू? आमचे हे रोज तिथंच तर जातात! सदर भागातल्या शाळेच्या ओसरीवर."

"मास्तर? ते तर वातावर शेक घ्यायला जातात ना?"

"कायचा वात अन् कायचा शेक! तुझी पोटदुखी, माझा वात! भिंत एक, रोग एक, अन् दोन्हीकडच्या बाया खोटारड्या!"

यमुताईला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"सूनबाई!" वामनराव कडाडले. "आळी ऐकून राहिली! घराण्याची अब्रू—"

"कोणापासून झाकता, मामा?" इंदुताई म्हणाल्या. "झोकांड्या खात आलेला माणूस आळीले दिसत नाही का? मलेही दिसत होता. पण तुम्ही पोट म्हणता, तर मी दारू कशी म्हणू? म्हटलं असतं तर आमचाही वात उघडा पडला असता! तिथं कोणी उपदेश करत नाही, मामा. ज्या घटकेले पाय गुत्त्याकडे ओढतात, त्या घटकेले एकमेकाजवळ बसतात. एखादा आला नाही, तर दोघं त्याच्या घरी जातात. आमचे हे असेच वाचले."

वामनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. खुंटीवरच्या टोपीकडे खिळलेली मुलाची नजर त्यांनी पाहिली, जणू प्रथमच. मग काठी घेऊन ते स्वतः शेजारच्या दाराशी गेले.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्या पोराले सोबत न्या. तो... तो दारू पितो."

"चला गा, केशवराव!" गणपतराव चपला घालत म्हणाले. "मीही एकटाच निघालो होतो."

केशवराव त्या संध्याकाळी गेले, दुसऱ्या संध्याकाळीही गेले. एकदा वाट चुकून गुत्त्यावर गेले, तेव्हा गणपतराव आणि आणखी एकजण दाराशी येऊन बसले, आणि यमुताईने कोणतीही सबब न सांगता त्यांना पाटावर बसवलं.

भगिनींनो, ज्या दुखण्याचं नाव घ्यायला घर लाजतं, त्यावर उतारा मिळणार कसा? लाज व्यसनाची वाटू द्या, मदत मागण्याची नको! आणि खरं बोलायला घरातली वडील माणसं धजावत नसतील, तर तुम्ही बोला. आपल्या लेकरांसाठी तरी बोला!