वाकळ पांघरलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे आणि मला महिपतचं वागणं मुळीच पसंत नाही. पाहुणा आला की हा माणूस माझ्याकडे बोट करतो आणि म्हणतो, "ते भंगार हाय, त्याच्याकडे पाहू नका." मित्रांनो, ज्याच्या डोक्यावर मी तो एवढासा असताना सावली धरली, तो मला भंगार म्हणतो! मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. माझा जन्म कसा गेला ते सगळं सांगते, मग माझा राग खरा की खोटा ते तुम्ही ठरवा.

माझं माहेर कोणतं ते मला ठाऊक नाही. एका बाईनं माझ्या काड्यांवर काळं कापड ताणून टाके घातले आणि शेवटी दोरा दातानं तोडला, एवढं मात्र आठवतं. आदिलाबादच्या बाजारात एका दुकानात मला उलटं टांगलं होतं. तिथं भगवंतराव आले. जैनथकडचे, पैनगंगेच्या काठी भाजीपाला पिकवणारे. दुकानदार त्यांना म्हणाला, "ले जाओ सेठ, आपका पोता भी यही लेके घूमेगा." भगवंतरावांनी मला उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, पुन्हा उघडलं. मी एकदाही कुरकुर केली नाही. त्यांनी मला खांद्याला लावलं आणि आम्ही घरी आलो.

महिपत हा त्यांचा मुलगा. त्याला अक्षरओळखीसाठी बासरच्या सरस्वतीला नेलं, तेव्हा रांगेत उन्हानं पोरगं लालबुंद झालं होतं. त्याच्यावर मीच होते. तांदळात बोट धरून त्यानं पहिलं अक्षर गिरवलं, ते मीही पाहिलं. माझं शिक्षण तेवढंच. पुढं शाळेच्या खिळ्याला लटकून जे कानावर पडलं ते पडलं. पण माणूस ओळखायला मला पाटी लागली नाही.

त्या काळात माझा मान होता! भगवंतराव बाजारातून आले की आधी मला कोरड्या फडक्यानं पुसायचे, मग स्वतःचं तोंड पुसायचे. ते गेले आणि माझे दिवस फिरले. घरात एक नवी छत्री आली. रंगीत, तीन घड्यांची, बटण दाबलं की टुणकन उडी मारणारी. वाऱ्याची एक झुळूक आली की तिची वाटी होते, पण रूपापुढं कोण बोलणार! मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझं कापड कुरतडलं. वेताची मूठ तेवढी राहिली आणि सगळ्या काड्या शाबूत राहिल्या. माझा कणा वाकला नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

मला माळ्यावरून कुणी काढलं असेल? महिपतनंच. म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

या महिपतला दोन वेडं आहेत. घरच्या मोडक्यातोडक्यातून काहीतरी बनवणं हे एक. आणि लोकगायकांच्या मुलाखती ऐकणं हे दुसरं. फोन दगडाला टेकवून हा वाफ्यात खुरपं घेऊन बसतो. मुलाखत घेणारा विचारतो, "गाण्याचा नाद कसा लागला?" आणि गायकानं तोंड उघडायच्या आधी महिपतच उत्तर देतो, "अरे, बाप गात असन ना याचा!" बहुतेक वेळा त्याचं उत्तर बरोबर येतं. मग तो बायकोकडं, शुभांगीकडं, असा पाहतो की जणू गाणंही यानंच म्हटलं.

एकदा अशीच मुलाखत ऐकता ऐकता त्यानं माझं उरलेलं कापड फाडलं. मला वाटलं, आता चूल. पण त्यानं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणला आणि माझ्या काड्यांना आतून शिवला. मुठीला दोरी बांधली, पोटात ज्वारीच्या पिठाचे गोळे आणि दगडाचा एक तुकडा टाकला, आणि मला उलटी करून नदीच्या संथ डोहात सोडलं. मासे आले. लाजत लाजत आले आणि पीठ खायला लागले. महिपतनं दोरी झटक्यानं ओढली आणि मी बारीक मासळी, झिंगे, सगळं पोटात घेऊन वर आले! शुभांगी काठावर उभी राहून हसत होती.

"छत्रीनं मासे धरते कोनी?"

"तुह्या नवऱ्याच्या डोक्यातून निंगालं हे."

"मंग त्यात पानी असन. म्हून मासे आले."

मला शुभांगी तेव्हापासून आवडते.

पुढं मच्छरदाणीही झिजली. मग मला बागेत उघडून रोवलं, मूठ जमिनीत आणि काड्या आभाळाकडं, आणि शुभांगीनं दोडक्याचा वेल माझ्यावर चढवला. मित्रांनो, ती बाग पाहण्यासारखी आहे. बाटल्यांच्या बुडाला भोकं पाडून त्या रोपांच्या मुळाशी पुरल्या आहेत, त्यातून पाणी थेंब थेंब झिरपतं. जुन्या कॅसेटींची फीत काढून वाफ्यांवर ताणली आहे, ती वाऱ्यात अशी घूं घूं करते की पाखरू फिरकत नाही. आणि मधोमध मी, अंगभर दोडके घातलेली. सरकारी बाईसुद्धा एकदा थांबून "चाला बागुंदी" म्हणाली होती. मला तेलुगू येत नाही, पण कौतुक कोणत्याही भाषेतलं कळतं.

आता तुळजाबाईचं सांगते. ती आमच्या शेजारची. दात गेले, गुडघे गेले, पण गळा आहे. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीची भुलाबाई मांडतात आणि घरोघर तिची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरातली बाई झाकलेला डबा आणते आणि त्यात काय खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं असतं. ती सगळी गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गावात आता एकट्या तुळजाबाईला येतात. पोरी चार ओळी म्हणतात आणि पुढं फोनवर लावून देतात.

ती रोज कुंपणाशी उभी राहून महिपतच्या मुलाखती ऐकायची आणि नाक मुरडायची. "सारे फेटेवाले! ढोलकी वाजवली का झाला गायक. आमी बायांनी जन्मभर भुलाबाई म्हनली, ते काय ढेकर होते?" मग आवाज खाली यायचा. "माह्या संगं सरनावर जातीन हे गाने. कोनी इचारलंच नाही."

महिपतला ते लागलं. त्यानं आदिलाबादच्या प्रणिताला फोन केला. ही मुलगी गावोगाव जाऊन गाणाऱ्यांच्या मुलाखती घेते. ती म्हणाली, माझी परीक्षा आहे. महिपतनं ऐटीत सांगितलं, "काही घाई नाही ताई. कोजागिरी होऊ द्या, मंग या आरामात."

इथंच हा पुरुष चुकला! प्रणिता बसनं आली, ऑटोनं आली, तुळजाबाई नवं लुगडं नेसून आली. आणि ओट्यावर बसल्यावर तिनं विचारलं, "आज काय म्हनू?"

"भुलाबाईचे गाने मावशी," महिपत म्हणाला. "त्याच्यासाठीच तं बोलावलं."

तुळजाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "तिची बोळवन झाली ना रे कोजागिरीले! बोळवन झालेल्या लेकीले कोनी घरात हाका मारते का? मले वाटलं जात्यावरचं पाहिजे."

"मले काय मालूम?"

"तुले मासे मालूम. काऊन नाही इचारलं मले आधी?"

प्रणिताचं तोंड एवढंसं झालं. पुढं तिची नोकरी लागायची होती, पुन्हा कधी येणार सांगता येत नव्हतं. आणि पुढच्या कोजागिरीला आपण गाऊ याची खात्री खुद्द तुळजाबाईलाही नव्हती. शेवटी शुभांगीच म्हणाली, "मावशी, घरात नाही चालत. पन नदीवर, जिथं तिची बोळवन केली तिथं जाऊन म्हनलं तं?"

तुळजाबाईनं पदर सारखा केला. विचार केला. "तिच्या वाटेवर जाऊन म्हनाले हरकत नाही. चाला."

सगळे नदीवर गेले. माझ्या काड्यांवरून काठ दिसतो, म्हणून मी सगळं पाहत होते. तुळजाबाईनं डोळे मिटून सूर लावला. पण पैनगंगेवर त्या दिवशी वारा असा सुटला होता की सांगता सोय नाही, आणि पलीकडं कुणाचं तरी इंजिन धडधडत होतं. प्रणितानं फोनवर ऐकवलं. नुसती फरफर! फरफरीच्या मागं कुठंतरी एक म्हातारी बारीक कण्हत असल्यासारखं.

तुळजाबाईनं ते पुन्हा एकदा ऐकलं. मग लुगड्याची वाळू झटकत उठली. "जाऊ द्या. नदीनंच नाही म्हनलं." एवढंच बोलली. टोमणा नाही, शिवी नाही. मित्रांनो, अशा बाईनं टोमणा गिळला म्हणजे समजावं की किती लागलं आहे.

तेवढ्यात महिपत बागेकडं धावत सुटला. सरळ माझ्याकडं. मागून शुभांगी.

"काय करून राह्यले? दोडके लागेल हाय तिले!"

"ते भंगार दे मले. वेल कापतो."

"एक तनावा तुटला तं आज भाकर नाही भेटनार."

मग दोघांनी मिळून एकेक तणावा माझ्या अंगावरून उलगडला. वेल सायकलच्या एका रिंगवर चढवला. रिंग म्हणे! असो. मला नदीवर नेलं, दांडा वाळूत खोल गाडला, आणि शुभांगीनं माझ्यावर जाडजूड वाकळ पांघरली, वाऱ्याच्या बाजूनं थेट जमिनीपर्यंत. किती दिवसांनी माझ्या अंगावर कापड आलं!

तुळजाबाई वाकून आत शिरली. "मले कोंबडीसारखं झाकून राह्यला का रे?"

"अंडं नाही, गानं द्या मावशी!" महिपत बाहेरून ओरडला.

प्रणिता तिच्यापाशी बसली. फोन सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं माझ्याच एका काडीला बांधला. वाकळीच्या आत वारा नव्हता, इंजिनाचा आवाज लांब गेला होता. बाहेर मात्र वारा मला उपटायला बघत होता. मी काड्या आवळल्या. तुळजाबाईनं माझ्या दांड्यावर तळवा ठेवला आणि बोटांनी ठेका धरला.

आणि ती गायली. पहिला सूर हलला, दुसरा बसला. मग एका गाण्यातून दुसरं निघत गेलं, सासर, माहेर, रुसणं, हसणं. मध्ये एकदा अडली, तर बाहेरून शुभांगीनं पुढचा शब्द दिला. तुळजाबाई गाणं थांबवून म्हणाली, "तुले येते व? मंग एवढे दिवस तोंडात काय भाकर होती?" तेही फोनमध्ये आलं.

प्रणितानं विचारलं, "आजी, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवते कोन? मायच्या मागं मागं गेली. ते रडली तवा गायची, हसली तवाबी गायची. तू लिहून घेऊ नको, कानानं घे."

शेवटी तिनं खिरापतीचा डबा मागितला. शुभांगीनं घरून आणलेला डबा प्रणिताच्या कानाशी हलवला. आवाजच नाही! प्रणिता म्हणाली, लाडू. नाही. शिरा. नाही. केळी. नाही. हरली बिचारी. निघाली दोडक्याची भजी, पानात गुंडाळलेली! तुळजाबाईनं बिनदातांनी दोन खाल्ली. मग फोनवर स्वतःचं गाणं ऐकलं. स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "हे मी हाय?" ती म्हणाली. तिनं शुभांगीचा हात धरला. "उद्यापासून दुपारी येत जा. पोरी बी आन. पूर्न शिकवतो."

नदीवरच आलेल्या ऑटोत बसताना प्रणितानं माझ्याकडं पाहून विचारलं, "दादा, ही काय वस्तू आहे? खूप कामाची निघाली."

महिपतनं वाकळ काढून मला वाळूतून उपसलं, सकाळी धरून काठावर ठेवलेल्या मासळीची बादली एका हातात घेतली आणि छाती फुगवून म्हणाला, "काही नाही ताई, भंगार हाय. डोकं आपलं."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. त्यानं मला मिटवायला खटका दाबला, तेव्हा मी सगळ्या काड्या करकरवल्या आणि मोठ्यानं त्याला सुनावलं:

"महिपत, हात तुझे बापासारखे आहेत, जीभ कुणाची घेतलीस? तुळजाबाईला कुणी विचारलं नाही म्हणून ती गप्प होती, आणि मला कुणी पुसलं नाही म्हणून मी गंजले. आम्ही दोघी अजून भंगार झालो नाही, तुमची नजर झाली आहे. तू मला माळ्यावरून काढलंस म्हणून तुला माफ. पण आता घरी चल, आणि आधी मला कोरडं पूस, सांध्यांना तेल लाव. मासे मग धू!"