रंभाबाईचा मुराळी

रंभाबाईचं सुनेशी बिनसलं ते मिठावरून. सून मनकर्णा वरणात मीठ घालून गोठ्याकडे वळायची आणि सासू मागून येऊन, "विसरली वाटते," म्हणत पुन्हा चिमूट टाकायची. चिमूट कसली, मूठच. आठवड्यातून दोनदा तरी सगळं घर खारट वरण खाऊन दिवसभर पाणी पीत राही. मनकर्णा तोंडानं एक शब्द बोलत नसे, पण भांडी आपटण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. एका चुलीपाशी दोन मालकिणी कुठे नांदल्यात? शेवटी माघ महिन्यात रंभाबाईनंच मुलाला सांगितलं, "देवराम, मले बऱ्हानपूरच्या ओळीत नेऊन घाल. इथं राहून मी तुमचा जीव घेईन."

देवराम तिचा एकुलता एक. तुकईथडला त्याची कपाशीची शेती. तो रडला, दोन दिवस जेवला नाही. गावानं तर तोंडसुख घेतलंच, "जित्या मायले टाकून आला" म्हणून. पण रंभाबाईनं एकदा म्हटलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही चालायचं नाही.

ओळ म्हणजे तापीकाठी एका निपुत्रिक कापूसवाल्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या चौदा खोल्या आणि एक सामाईक स्वयंपाकघर. सन छत्तीस साल ते. कारभार पाहायचे विनायकराव, सरकारी शाळेतून पेन्शन घेतलेले मास्तर. त्यांचा नियम एकच, पण कडक. माणसानं होळीला यायचं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, राहून बघायचं, आणि आखाजीच्या आधी सांगायचं, हो की नाही. हो म्हटलं तर खोली मरेपर्यंत आपली. नाही म्हटलं तर ती दुसऱ्याला गेली, पुन्हा मिळायची नाही.

खरं सांगायचं तर रंभाबाईला तिथं मानवलं. दाराला आतून कडी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात एक कडी आली. सकाळी दार उघडलं की समोर तापी, आंघोळीला ऊन पाणी, आजारपणात बघायला वैद्यबुवा. आणि शेजारच्या खोलीत मालूबाई. ही इच्छापूरकडची, रंभाबाईहून चार-पाच वर्षांनी मोठी, दात तीनच पण हसायला कमी नाही. दोघी घाटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची अशी काही उणीदुणी काढत की संध्याकाळ कधी व्हायची ते कळत नसे.

पण म्हणून ओळ म्हणजे वैकुंठ नव्हे. जेवणाची घंटा झाली की भूक असो नसो, उठायचं. वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसावं. तेच चेहरे, त्याच गोष्टी, आणि भिंतीपलीकडे मालूबाईचं घोरणं. कोणी गेलं की तेरावं होताच खोलीला चुना लागायचा आणि नवं माणूस यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे तिथं तिच्यावर चिडणारं कोणी नव्हतं. "आजी, तू मधे बोलू नको," असं नातवंडानं ओरडलेलं ऐकायला तिचे कान आसुसले होते.

आखाजी आठवड्यावर आली तसे रस्ते गाड्यांनी भरले. आमच्याकडे आखाजीला सासरवाशिणी माहेरी जातात. भाऊ नाहीतर बाप गाडी जुंपून न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. आठ दिवस झोके, गाणी, सांजोऱ्या, मग परत सासर. दोघी घाटावरून त्या गाड्या बघत होत्या.

"तुले न्यायले कोन यायचं वं?" रंभाबाईनं विचारलं.

"मले?" मालूबाई हसली. "लग्न झालं अन् पयल्या आखाजीच्या आधीच मालक गेले. पांढऱ्या कपाळाच्या पोरीले कोन मुराळी धाडते, बाई?"

 त्या रात्री तिला देवराम आठवला. आपण इथं सुखात, आणि तिकडे पोराच्या तोंडावर गाव थुंकतंय. सकाळी उठून तिनं विनायकरावांना सांगून टाकलं, "मास्तर, माझं नाही. मी घरी जाते."

"विचार केलात?"

"केला."

"ठीक आहे. एक गृहस्थ वाट बघताहेत, त्यांना कळवतो."

तिसऱ्या दिवशी देवराम आला. गाडीला छप्पर, बैलांच्या गळ्यात घुंगरं, डोक्याला नवा लाल फेटा. मास्तरांनीच कळवलं असणार, माय घरी येते म्हणून पोरानं केवढा थाट केला, असं वाटून रंभाबाईचा ऊर भरून आला. त्यानं काही सांगायच्या आत तिचं गाठोडं गाडीत जाऊन पडलं. चटई आणि तांब्या तिनं मालूबाईला देऊन टाकला. मालूबाईनं तो घेतला आणि पाठ फिरवून घाटावर जाऊन बसली.

गाडी तापीच्या उतारातून पलीकडे गेली. उन्हाळ्याचं पाणी, बैलांच्या गुडघ्याएवढं. पलीकडच्या काठावर देवरामनं बैलांना पाणी दाखवलं आणि गाठोड्याकडे बघून म्हणाला, "माय, आठ दिवसांसाठी एवढं काहून घेतलं?"

"आठ दिवस कसले? मी खोली सोडून आली."

 "मी तर तुले आखाजीले न्यायले आलो. मुराळी म्हनून."

"मुराळी? आपल्याच घरी? मले?" रंभाबाईनं गाठोडं जवळ ओढलं. "म्हंजे आठ दिवसांनी परत आणून टाकशील?"

"तसं नाही, माय. मनकर्णा म्हने, आत्याबाईंले तिथं मानवलं. पन त्याईले माहेर नाही. मामा मानमोडीच्या साथीत गेले, तेव्हापासून अठरा वर्षांत त्याईच्या दारी कोनी मुराळी आला नाही. आता आपनच त्याईचं माहेर व्हावं." तो फेटा सारखा करत म्हणाला, "तुले कायमचं यायचं तर घर तुह्यंच हाये. बिलकुल तुह्यंच. तू म्हनशील तसं."

रंभाबाईच्या डोळ्यांना धार लागली. ही अठरा वर्षं तिनं कधी बोलून दाखवली नव्हती. दर आखाजीला गोठ्यामागे जाऊन एकटीच रडायची, आणि भांडी आपटणाऱ्या त्या सुनेनं ते पाहिलं होतं, मनात ठेवलं होतं. किती मायेची निघाली पोर! आपण तिला काय काय बोललो. त्या घडीला मनकर्णा समोर असती तर सासूनं तिचे पाय धरले असते.

ती नदीकडे बघत बसली. घरी गेलं तर पुन्हा सासू. चूल मागायची, चूल द्यायची, आणि दोघींनी झुरायचं. पण माहेरी गेलं तर लेक. लेकीला ताट वाढून मिळतं आणि जाताना तिच्यासाठी डोळे भरतात. गावाचं काय, गाव दोन्ही तोंडांनी बोलतं.

"गाडी फिरव," ती म्हणाली.

विनायकराव ओट्यावरच होते. रंभाबाईनं धापा टाकत सांगितलं, "मास्तर, माझं हो लिहा. आठ दिवसांत येते मी."

"अहो, परवा नाही म्हणालात!" मास्तर हसले. "त्या गृहस्थांना मी अजून कळवलेलं नाही. आखाजीच्या तोंडावर निम्मी माणसं असंच उलटसुलट बोलतात, मला ठाऊक आहे."

तिनं त्यांना मनापासून हात जोडले. खोली राहिली. मग ती घाटावर गेली. मालूबाई अजून तशीच, पाठ करून.

"ऊठ वं. लुगडं बदल."

"काहून?"

"मुराळी आला."

"तुहा आला. मले काय त्याचं?"

"दोघी बहिनींले एकच मुराळी येते. ऊठ, बैल खोळंबले."

 मालूबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा धुतलेलं लुगडं नेसली होती, केसांना पाणी लावून ते चापून बसवले होते. देवरामनं वाकून तिच्या पाया पडून म्हटलं, "चाल, मावशी."

सत्तरीच्या घरातली ती बाई गाडीजवळ येऊन थबकली. चाकावर हात ठेवून तिनं गाडीत चढून बसलेल्या रंभाबाईला हळूच विचारलं, "मुराळ्याच्या गाडीत पुढं बसतात का मागं, वं?"

 रंभाबाई सरकली आणि तिनं आपल्याशेजारी जागा करून दिली.