नुसतं झोलेका

खराट्याची एक काडी निसटून चपलेपाशी पडली होती, आणि झोलेका तिच्याकडेच बघत राहिली – मान वर केली असती तर दवाखान्याच्या बाकावर बसलेली वुयेल्वा दिसली असती, भुवईवरच्या व्रणासकट. तो व्रण झोलेकाच्याच बादलीचा. नळावर रांगेवरून जुंपली, वुयेल्वा हिच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल नको ते बोलून गेली, आणि हात कसा उचलला गेला ते... नाही, उचलला गेला नाही, मी उचलला. सरकारी वकिलापुढे तिनं तसंच सांगितलं, म्हणून तर खटला उभा राहिला नाही. गुन्हा कबूल करायचा, वुयेल्वाची माफी मागायची, दवाखान्याचं अंगण झाडायचं, की नावावर डाग नाही.

नावावर म्हणे... इथं बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारतात ती माया असली तरच, आणि झोलेका या वस्तीत सून म्हणून आल्यापासून वुयेल्वा कुंपणावरून तिला ओरडायची, "मादलोमो, मीठ आहे का गं?" – कधी मीठ, कधी नुसतंच मादलोमो. माफीच्या बैठकीत मात्र ती म्हणाली, "माफ केलं, झोलेका." समाजसेविकेनं टाळ्या वाजवल्या. शहरातली पोर, तिला काय कळणार! झोलेका म्हणून तर पोलिसांनीही हाक मारली होती.

"झालं बरं का मावशी," नर्स दारातून म्हणाली, "आजपासून सुटलात. ठेवा तो खराटा."

सुटले... आणि उद्या कुठल्या निमित्तानं वुयेल्वासमोर यायचं? ती झाडलेलंच पुन्हा झाडू लागली.

"पुरे की," बाकावरून आवाज आला. "माती तरी शिल्लक ठेव."

तेवढ्यात वुयेल्वाचा नंबर लागला. ती उठली, पिशवी ठेवायला कोरडी जागा शोधली, आणि मग सरळ झोलेकाच्याच हातात दिली. "धर. अंडी आहेत. आणखी काही फोडू नकोस."

आणि आत गेली. मादलोमो म्हणाली नाही – पण 'झोलेका' असंही म्हणाली नाही... कुठलंच नाव घेतलं नाही तिनं. अंड्यांशेजारी मिठाचा पुडा होता. म्हणजे आता मीठ विकत आणते ही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच झोलेकाला रडू फुटलं, आणि एका हातात खराटा, दुसऱ्यात पिशवी, दार उघडायच्या आत डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.