रुमालाखालचा पंजा

मी एक जुना रुमाल आहे. रुमाल म्हटल्यावर मित्रांनो, तुमचा हात खिशाकडे गेला असेल. तो मी नव्हे. नाक पुसायच्या त्या चिमुकल्या चौकोनाशी माझे नाते जोडू नका. मी डोक्याला गुंडाळायचा चांगला ऐसपैस रुमाल होतो. होतो असे म्हणतो, कारण आता माझी चुंबळ झाली आहे. चिमणाबाई मला पिळून, गोल वळवून डोक्यावर ठेवते आणि माझ्यावर पाण्याची घागर चढवते. घागर बुडाशी झिरपते, म्हणून मी बहुतेक वेळ ओलाच असतो.

माझा जन्म कबनूरच्या मागावरचा. लढाई नुकतीच संपली होती, कापडाची टंचाई होती, तरी मला विणणाऱ्याने सुतात हात आखडला नाही. रंग तांबडा, काठाला पिवळी रेघ. कोडोलीच्या आकारामने मला दुकानात उचलले, तेव्हा त्याने रंग पाहिला नाही की काठ पाहिला नाही. त्याने मला स्वतःच्या हातावर पसरले आणि खालची बोटे दिसतात का, एवढेच बघितले. दिसली नाहीत. तेव्हा त्याने मला घेतले.

आकाराम हा बैलांच्या बाजारातला दलाल. वडगावच्या बाजारात त्या काळी बैलाची किंमत कोणी तोंडाने बोलत नसे. विकणारा आणि घेणारा हात पुढे करायचे, वर रुमाल पडायचा आणि खाली बोटे बोलायची. एक बोट धरले की शंभर, दोन धरली की दोनशे. सगळा पंजा धरला की पाचशे. समोरच्याने तसाच पंजा दाबला की सौदा पटला. हात सैल सोडला की मोडला. बघ्यांना काही कळत नसे. कोणाचा बैल कमी भावाने गेला, कोण गरजू होता, हे चारचौघांत उघडे पडत नसे. माणसाची अब्रू झाकणे हे माझे काम होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

आकाराम कधी फसवत नसे. एकदा एक विधवा बाई बैल घेऊन आली होती. तिला भाव ठाऊक नव्हता. तिने दोन बोटे धरली, तर आकारामने आपण होऊन तिसरे तिच्या मुठीत दिले. लोक म्हणत, "आकारामचा रुमाल म्हंजे काळ्या दगडावरची रेघ." हे ऐकले की त्याच्या डोक्यावर मी जरा जास्तच ताठ बसत असे. आज ते आठवले की हसू येते, आणि ते हसू काही चांगले नसते.

आकारामला एक धाकटा भाऊ होता, सयाजी. लढाईत तो इटलीत फटफटीवरून टपाल पोहोचवत असे. परत आला तो फटफटीवाचून. नांगराला त्याचा हात बसेना, बैल त्याचे ऐकेनात. बसल्या जागी त्याची उजवी मूठ आपोआप फिरायची, गाडीचा वेग वाढवावा तशी. चिमणाबाई, म्हणजे त्याची भावजय, म्हणायची, "भावजी, काय पिळताय? रिकाम्या हातास्नी चटणी तरी वाटाया देऊ का?" तो हसायचा, पण अशी वर्षांमागून वर्षे गेली आणि त्याचे हसणे कमी झाले.

मग कोडोलीला तंबूतला सिनेमा आला. मालकाची युक्ती अशी, की कोल्हापूरच्या थेटरात जी रिळे दाखवून होतील, ती लगोलग कोडोलीला आणून तंबूत लावायची. एकाच चित्रपटावर दोन ठिकाणी धंदा. त्याला रिळे पळवत आणणारा माणूस हवा होता, पण स्वतःची फटफटी असलेला. शिवाय रिळे महागाची, म्हणून पाचशे रुपये अनामत. सयाजीने ते ऐकले त्या दिवशी तो जेवताना तीनदा उठून दाराशी जाऊन आला. जगात त्याला येत होते ते एकच काम असे चालत त्याच्या दारी आले होते.

लष्करातले साठवलेले आणि आईची पुतळ्यांची माळ मोडून आलेले, असे अडीच हजार त्याच्याजवळ होते. नवी फटफटी अडीच हजारालाच होती. म्हणजे किमतीतून पाचशे सुटले, तरच अनामत भरता येणार होती. आकाराम म्हणाला, "एवढंच न्हवं? चल. आयुष्यभर केलंय काय मी?"

कोल्हापुरात स्टेशनाच्या रस्त्यावर ते दुकान होते. काचेमागे काळी कुळकुळीत फटफटी उभी होती. सयाजी तिच्या टाकीवरून हात फिरवत राहिला. दुकान यज्ञेश्वरपंत नावाच्या गृहस्थांचे. नीटनेटका, सभ्य माणूस, बोटांना शाईचे डाग.

"दर छापील आहे, पाहुणे," पंत म्हणाले. "त्यात मला फारसं काही करता येत नाही."

"बैलाचाबी मालक पयल्यांदा असाच भाव सांगतोय, जसा काय छापूनच आणलाय," आकाराम म्हणाला. "तोंडानं कोन कमी करत न्हाय, पंत. हात द्या."

त्याने डोक्यावरून मला सोडवले. पंतांना वाटले, खेड्यातल्या माणसाची निरोप घ्यायची काही रीत असेल. त्यांनी हसून हात पुढे केला आणि मी वर पडलो. आकारामने त्यांचा सगळा पंजा धरला. पाचशे कमी करा. पंतांना काय कळावे? साहेब लोक हात मिळवतात तसा त्यांनी तो पंजा दाबला आणि दोनदा वरखाली हलवला.

मला तेव्हाच कळले. दोन्ही हात मला लागत होते. एक हात किंमत बोलत होता आणि दुसरा नुसता राम राम करत होता. सयाजी शेजारीच उभा होता. लष्करात असे हात मिळवलेले त्याने शेकडो वेळा पाहिले होते. माझ्याखाली काय चालले आहे ते दिसते, तर त्याने तिथल्या तिथे ओळखले असते. पण मध्ये मी होतो, चांगल्या घट्ट विणीचा.

"ठरलं न्हवं?" आकारामने विचारले.

"ठरलं, ठरलं. गाडी तुमच्यासाठी राखून ठेवतो. पुढच्या आठवड्यात या."

बाहेर आल्यावर सयाजी म्हणाला, "आण्णा, कितीला पटलं?"

"रुमालाखालचं चारचौघांत बोलायचं नसतं. पाचशे तंबूवाल्याला भरून टाक जा."

सयाजीने भरून टाकले. त्या आठवड्यात तो शिट्टी वाजवत हिंडत होता, आणि चिमणाबाईने फटफटीला बांधायला झेंडूची माळसुद्धा सांगून ठेवली होती.

पुढचे सांगताना माझा धागा धागा उसवतो. आकारामने पंतांच्या मेजावर दोन हजार ठेवले. पंतांनी मोजले आणि विचारले, "बाकीचे?"

"कसलं बाकीचं?"

"पाचशे कमी आहेत, पाहुणे."

"त्ये तुमीच सोडल्यात की. पंजा दाबलासा न्हवं?"

"मी फक्त हात मिळवला हो."

आकारामचा आवाज चढला. दुकानात फटफटी बघायला आलेले लोक वळून पाहू लागले. त्याने मला मेजावर अंथरले. "ह्येच्यावर हात ठिवून सांगा." पंतांनी खरेच माझ्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मी एक पैसाही कमी केलेला नाही." ते खरे बोलत होते. आकारामही खरे बोलत होता. आणि दोघांचे खरे ज्याला ठाऊक, तो मी, मेजावर पडून होतो.

पंत माणूस वाईट नव्हता. जरा वेळाने तेच म्हणाले, "माझ्या वाट्यातले शंभर मी सोडतो. उरलेले महिन्याच्या महिन्याला द्या. गाडी आजच न्या."

सयाजीचा चेहरा उजळला. मित्रांनो, तो रास्त भाव होता. इतकी वर्षे मी बाजारात काढली आहेत, मला भाव कळतो. पण आकारामला त्यात वेगळेच दिसले. "चोर सापडला की असाच अर्धंमुर्धं परत देतोय," तो म्हणाला. "शब्द मोडलेल्याची गाडी आमच्या दारात नगं." त्याने पैसे उचलले, मला खांद्यावर टाकले आणि भावाच्या दंडाला धरून बाहेर पडला.

रस्त्यावर सयाजी थांबला. ओरडला नाही. म्हणाला, "आण्णा, तोंडानं इचाराया काय झालतं?"

आकाराम मला डोक्याला गुंडाळत पुढे चालू लागला.

तंबूवाला थांबला नाही. दुसऱ्या कोणाची फटफटी आली आणि रिळे तिच्या पाठीवरून येऊ लागली. तिचा आवाज चावडीपाशी आला की सयाजी परड्यात निघून जायचा. अनामत परत मिळाली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. मग एक दिवस तो हुबळीकडे मालट्रकवर गेला. घरी येणे वर्षा-दोन वर्षांनी, तेही पाहुण्यासारखे.

बाजारात बातमी आमच्याआधी पोहोचली होती. "आकाराम, जरा रुमाल उचलून दाखीव की," लोक चेष्टा करत. हळूहळू त्याच्याकडे सौदे येईनासे झाले. तो बाजाराला जायचा, मला मांडीवर घेऊन झाडाखाली बसायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी त्याने जाणेच सोडले. मी खुंटीवर लटकलो. धूळ बसली, उंदराने एक कोपरा खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी आकाराम अंथरुणाला खिळला. सयाजी आला, उशाशी बसला. मग आकारामने खुंटीकडे बोट केले. चिमणाबाईने मला काढून त्याच्या हातात दिले. त्याने भावाचा हात ओढून घेतला, मला वर टाकले आणि त्याचा पंजा धरला. किती घट्ट, ते मलाच ठाऊक.

सयाजी म्हणाला, "ह्येचा अर्थ काय, आण्णा? तोंडानं सांग की."

आकारामचे ओठ हलले. शब्द आला नाही. बोटे मात्र धडपडत होती. एक सोडत होती, दोन धरत होती, पुन्हा सगळा पंजा दाबत होती. मी खाली बघत होतो आणि मला रडता येत नव्हते. मित्रांनो, माझ्याखाली शंभराला खूण होती, पाचशेला खूण होती. 'माझं चुकलं' याला खूणच नव्हती.

थोडा वेळ वाट पाहून सयाजीने हात सैल सोडला. त्याला त्या बोटांची भाषा येत नव्हती. सैल हात म्हणजे सौदा मोडला, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पण आकारामला ते कळले. त्याने तोंड भिंतीकडे वळवले. सयाजी संध्याकाळच्या मोटारीने गेला आणि आकाराम त्याच आठवड्यात वारला.

म्हणून आज मी चुंबळ आहे. मला जपा, धुऊन घडी घाला, असे तुम्हाला सांगणार नाही. माझे जे व्हायचे ते झाले. एवढेच मागतो, की घरातल्या माणसाशी बोलायचे असेल, तेव्हा मध्ये कसलेही कापड आणू नका. चिमणाबाई पाणवठ्यावरून येताना कधीकधी वाटेत उभी राहते आणि हुबळीच्या रस्त्याकडे बघते. घागर झिरपत असते, आणि मी भिजत असतो.