गिरजाबाईचं बारावं वर्ष

"म्हैस मंगळवारी सापडंल का बुधवारी, थेवढं सांगा ना," म्हणत त्या माणसाने तळहात पुढे केला आणि ख्रिस्ती सुवार्तिक गुलाबरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

अड्याळच्या बाजारात दर आठवड्याला हेच. एकोणीस वर्षं ते भंडाऱ्याहून सायकल हाणत येत आणि चिंचेखाली उभे राहून घसा फोडून सांगत, की येशू ख्रिस्त येणार हे संदेष्ट्यांनी सातशे वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. कोणत्या गावात जन्मेल, कसा मार खाईल, मार खाताना कसा गप्प राहील, सगळं. लोक माना डोलवत. इतकं आधीचं खरं ठरलं म्हणजे हा माणूस मोठाच ज्योतिषी, असं ठरवून मोकळे होत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

म्हैसवाला गेला तशी मिरच्या विकणारी गिरजाबाई समोर येऊन बसली.

"मी हात पाहत नाही, बाई!" गुलाबराव आधीच खेकसले.

"हात नाही दाखवत, मास्तर. माहं आयका."

तिचा नवरा मारोतराव कामासाठी नागपूरला गेला तो परतलाच नाही. या महिन्यात बारा वर्षं पुरी होत होती, म्हणजे रीतीप्रमाणे तो मेलाच धरायचा. दीर चिंधूने ठरवलं होतं: सोमवारी दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच मारोतराव समजून नदीवर अग्नी द्यायचा आणि हिच्या बांगड्या फोडायच्या.

"तुमच्या पोथीत लिवलं हाये, थो येते, असं चिंधूले सांगून द्या. लिवलेलं म्हटलं का थो आयकते."

"अवो, पोथीत तुमच्या मालकाचं नाही लिवलं! एकाचंच येणं लिवलं हाये. कितीदा सांगू?"

"मंग नुसतंच म्हणा."

एक शब्द टाकला असता तर बाईचं काम झालं असतं. पण ज्या पुस्तकापायी उभा जन्म शिव्या खाल्ल्या, त्याच्या नावाने खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"मले नाही मालूम, बाई."

गिरजाबाईने विचारलं, "थे सातशे वर्सं लोक काय करत होते?"

"काय करतीन? वाट पाहत होते. पेरत होते, मरत होते. मरताना पोरायले सांगून जात, येणार हाये म्हणून."

"आता पुरं झालं, असं कोणी नाही म्हटलं?"

"म्हणणारे लय होते."

ती उठून गेली. गुलाबराव दिवसभर चरफडत राहिले. चिंधूवर चिडले, बाईवर चिडले, सगळ्यात जास्त स्वतःवर.

पुढच्या बाजारी त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. तीच आली.

"पुतळा जाळला त्यायनं. मी नाही गेली."

"मंग चिंधू?"

"घराबाहेर काढलं. शेजारच्या पार्वताबाईच्या ओसरीत राहून राहिली." ती शांतपणे म्हणाली, "म्या सांगतलं त्याले, सातशे वर्सं कोठं झाली? बाराच तर झाली."

अवो, ते तसं नसते, हे गुलाबरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. एकोणीस वर्षं आपण नुसता आकडा सांगत आलो, वाट पाहणाऱ्यांचं कधी सांगितलंच नाही, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिरजाबाईने तराजू उंच धरला, तशा हिरव्या बांगड्या तिच्या वाळलेल्या हातावरून कोपरापर्यंत घसरल्या.