थांबताईंचं स्टूल

मी चाकांचं स्टूल बोलतोय. पाच पाय, पाच चाकं आणि वर काळ्या रेक्झिनची गोल गादी. जरा बसून ऐका असं म्हटलं असतं, पण तुम्ही बसलात की मी सरकणार. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती मला जन्मतःच लावलेली आहे.

कारखान्यात माझे पाय जोडणाऱ्या फिटरने एका चाकाचा नट जास्तच आवळला. तेव्हापासून ते चाक किरकिरतं. "चालतंय की," म्हणत त्याने मला खोक्यात घातलं.

माझी पहिली नेमणूक प्लॅस्टरच्या खोलीत झाली. हाडांचे डॉक्टर माझ्यावर बसून दिवसभर इकडून तिकडे घरंगळायचे आणि माझ्या चाकावर चिडायचे. मला मात्र ते दिवस आवडायचे. मग गादी फाटली आणि मला वॉर्डाच्या कोपऱ्यात, बादल्यांजवळ ढकललं. एका जागी उभं राहणं म्हणजे मला शिक्षाच. कोणी पिशवी ठेवायचं, कोणी ओला टॉवेल वाळत घालायचं. जीव नुसता कासावीस व्हायचा.

तिथून मला थांबताईंनी बाहेर काढलं. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण त्यांची निम्मी वाक्यं "थांब जरा" अशी सुरू होतात, म्हणून वॉर्डाने हे नाव पाडलं. हल्ल्यात, मारामारीत जखमी होऊन आलेल्या तरुण मुलामुलींजवळ बसायचं हे त्यांचं काम. टाके डॉक्टर घालतात. टाके निघाल्यावर हे पोर कुठे जाणार, बाहेर त्याची कोण वाट बघतंय आणि ते स्वतः सूड घ्यायला कोणाच्या वाटेवर जाऊन उभं राहणार, हे ताई बघतात. हॉस्पिटलने त्यांना ना खोली दिली ना टेबल. त्यांनी माझ्या गादीला चिकटपट्टी मारली आणि मला सोबत घेतलं.

बसायची त्यांची एक रीत आहे. आधी मला पार खाली करायचं. मग पलंगावरच्याला त्यांच्याकडे मान वाकवून बघावं लागतं. "दिवसभर सगळे याच्या डोक्यावर उभे राहून बोलतात," त्या एकदा सिस्टरना म्हणाल्या, "एखाद्याने तरी खालून बोलावं." कोणी मारलं हे त्या विचारत नाहीत. "इथून सुटलास की पहिल्यांदा कुठे जाशील?" एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. त्या गप्प, पोरगा गप्प, आणि खाली माझी चुळबुळ.

दुसरी रीत मोठ्या सिस्टरची. हल्ला झालेल्याचं नाव पलंगावर लावायचं नाही. न जाणो, मारणारा शोधत आला तर? म्हणून त्या अशांना पक्ष्यांची नावं देतात, आणि देताना कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. गॅरेजमध्ये काम करणारा एक आडदांड पोरगा पोटात सुरी लागून आला. त्याचं नाव पडलं चिमणी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पलंगावर जबडा मोडलेला एक जण आला. दात तारांनी बांधलेले, बोलणं बंद. दिवसा झोपायचा आणि रात्री टक्क जागा राहायचा. तो घुबड. नाव ऐकून त्याने भुवया चढवल्या, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बरा झालास की बदलून देईन. तोवर चालवून घे."

नावं इतकी छान लपवली की खुद्द वॉर्डालाच कळलं नाही. चिमणी आणि घुबड एकाच भांडणातले होते, समोरासमोरचे. घुबडाच्या मित्राने चिमणीच्या पोटात सुरी घातली होती आणि चिमणीच्या सोबतच्यांनी घुबडाचा जबडा फोडला होता. आता दोघांच्या मध्ये एक निळा पडदा, बस.

मला कळलं, कारण मी दोन्हीकडे असायचो. ताई कधी पडद्याच्या या बाजूला बसायच्या, कधी त्या. चिमणी बोलायला लागला की पलीकडे घुबडाचा श्वास अडकायचा. आवाज त्याने ओळखला होता. मी जवळ असलो तर पायाच्या अंगठ्याने माझी कड धरून तो मला पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायचा. सिस्टरना दोन शब्द लिहून दिले असते तर त्याचा पलंग बदलला असता. पण मग शेजारी कोण झोपलं होतं ते चिमणीलाही कळलं असतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. स्टुलाला किरकिरण्यापलीकडे काय येतं?

एका दुपारी, भेटीच्या वेळेत, चिमणीचा थोरला भाऊ आला. हा दादा कधी बसायचाच नाही, पलंगाभोवती येरझाऱ्या घालायचा. ताई खाली ऑफिसात होत्या. दुसऱ्या शहरातल्या एका गॅरेजमध्ये चिमणीची सोय होते का, ते फोनवर विचारत होत्या. मला त्या घुबडाच्या पलंगाजवळ सोडून गेल्या होत्या.

"सुरीवाला गायब आहे, पण जबडा फोडला ना, त्याचं घर सापडलं," दादा वाकून म्हणाला. "आत्ता जातोय आम्ही. पोरं खाली थांबलीत."

"तो असेल का घरी?" चिमणीने विचारलं.

"नसला तर घरातले असतील ना."

"दादा, ताई म्हणत होत्या की..."

"ताईंच्या पोटात सुरी गेलेली नाही."

माझ्या चाकांखालची जमीन सरकली. घुबडाच्या घरी त्याची आई होती, एकटी. सकाळीच दुखरे गुडघे चोळत माझ्यावर बसली होती आणि त्याला नळीने दूध पाजून गेली होती.

घुबडाने बेल दाबली. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्याने पुन्हा दाबली. मग पलंगावरून उतरला. पाय लटपटले तसा माझ्यावर बसला. मला वाटलं, दाराकडे पळणार. खरं सांगतो, मलाही दाराकडेच पळायचं होतं. त्याने फरशीला पाय रेटला आणि मला पडद्यातून पलीकडे नेलं.

सुजलेलं तोंड दादाने आधी ओळखलंच नाही. चिमणीने ओळखलं. त्याच्या उशाशी असलेलं यंत्र भराभरा टिकटिकायला लागलं. मी अजून तसाच खाली केलेला होतो, त्यामुळे घुबडाचं डोकं दादाच्या कमरेशी आलं. दोन्ही हात त्याने मांडीवर उघडे ठेवले. मग तारांमधून एकेक शब्द बाहेर ढकलला.

"मी इथे आहे. घरी फक्त आई आहे."

दादाची मूठ वळली. घुबड हलला नाही. तेवढ्यात चिमणीने दादाचा शर्ट धरला. टाके ताणले गेले असावेत, तो कळवळला.

"दादा, बस."

"सोड मला."

"बस म्हणतोय ना. तू तुरुंगात गेलास तर मला घरी कोण नेणार?"

दादाच्या खिशात फोन वाजत होता. कितीतरी वेळ वाजला. शेवटी तो पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि त्याने फोन कानाला लावला. "नाही जायचं," तो म्हणाला. "का ते नंतर सांगतो. घरी जा सगळे." आणि इतका मोठा माणूस तोंड झाकून रडायला लागला.

ताई आल्या आणि उघडा पडदा बघून जागीच खिळल्या. समोरासमोरच्या दोघांना शेजारी ठेवल्याची चूक त्यांच्या एका नजरेत लक्षात आली. त्या सरळ फरशीवर बसल्या.

चिमणी दुसऱ्या शहरात गेला. घुबडाला आणि त्याच्या आईला ताईंनी त्याच्या मावशीच्या घरी पोचवलं. मोठ्या सिस्टर आता पक्ष्याचं नाव देण्याआधी दहा चौकशा करतात. पुढे त्या दोघांचं काय झालं, मला कोणी सांगत नाही. अँब्युलन्सचा आवाज आला की माझा जीव टांगणीला लागतो. त्यांच्यातलाच कोणी परत आला नसेल ना?

आता माझी दोन चाकं किरकिरतात आणि गादीवर चिकटपट्टीच जास्त आहे. आज सकाळी दाराजवळच्या पलंगावर एक मुलगी आली आहे, चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेल्या. तिचे बाबा मघापासून उभेच आहेत, त्या दादासारखे. हातात गाडीची किल्ली, आणि नजर मुलीवर कमी, दारावर जास्त. ताई निघाल्या आहेत, पण अजून पोचलेल्या नाहीत. मुलगी बाबांची बाही धरायला हात पुढे करते आहे आणि तिचा हात पोचत नाही.

बाबा, मी रिकामाच आहे. बसा ना.